सांगलीहून रिचमंडला : फुले पाठवताना

गेल्या फेब्रुवारीतील गोष्ट. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून आम्ही दोघे ओसरीवर बसलो होतो. इतक्यात अमेरिकेतून सूनबाईंचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेआठ वाजले असावेत. तिचा आवाज ऐकताच काहीतरी विपरीत घडले आहे, हे मी ओळखले. "आई, शेजारच्या आजी गेल्या," एवढेच ती म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना.

आमचा मुलगा आणि सून इंडियाना राज्यातील रिचमंड या गावी राहतात. ओहायो राज्याच्या सीमेला लागून असलेले हे गाव वस्तीने लहान. भारतीय कुटुंबे तिथे मोजकीच, आणि जैन म्हणावे असे घर तर त्यांना अद्याप भेटलेले नाही. अशा ठिकाणी या शेजारीणबाईंनी आमच्या मुलांना माया दिली. बाळंतपणाच्या वेळी व्हिसा न मिळाल्याने मला जाता आले नाही. तेव्हा इस्पितळातून बाळाला घेऊन सून घरी परतली, त्या दिवशी दारात याच आजी उभ्या होत्या. त्यांच्या हातात अंगणातल्या पिओनीच्या फुलांचा गुच्छ होता. पिओनी हे इंडियानाचे राज्यपुष्प. मे महिन्याच्या अखेरीस ते तिथल्या घराघरांच्या अंगणात फुलते, आणि त्याच सुमारास येणाऱ्या स्मृतिदिनाला लोक ती फुले आप्तांच्या कबरींवर वाहतात. आपली सून कांदा-बटाटा खात नाही, हे समजल्यावर या बाईंनी तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात वाटाण्याचे सूप करायला शिकून घेतले होते. माझ्या मुलीच्या डोक्यावर माझ्या गैरहजेरीत कुणी हात ठेवला असेल, तर तो त्यांनी. आता त्या गेल्या होत्या, आणि परवा त्यांचे अंत्यदर्शन होते.

मी ह्यांना म्हटले, "अहो, आपल्याकडून फुले जायला हवीत. तिकडची ती रीत आहे."

हे क्षणभर थांबून म्हणाले, "पाठवू. पण मागच्यासारखे नको."

मागचा अनुभव सांगायलाच हवा, कारण तो आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला आला असेल. नातवाच्या जन्मानंतर आम्ही इंटरनेटवर शोधून एका संकेतस्थळावरून गुलाब पाठवले होते. संकेतस्थळाच्या नावात 'रिचमंड' हा शब्द होता, म्हणून दुकान गावातलेच असावे, असा आमचा समज झाला. चित्रात दोन डझन टपोरे लाल गुलाब होते. प्रत्यक्षात दोन दिवस उशिरा, माना टाकलेली दहा-बारा फुले पोहोचली, तीही निरनिराळ्या रंगांची. तक्रार करायला फोन केला, तेव्हा पलीकडचा माणूस कोणत्या राज्यातून बोलतो आहे हेही कळेना. सुनेने बिचारीने "फार छान आली" असे सांगितले होते. खरी हकीकत मुलाकडून सहा महिन्यांनी कळली.

हे असे का होते, ते समजून घेण्यासाठी या व्यापाराची घडण पाहावी लागते. व्यापारी घरांतील वाचकांना ती समजायला वेळ लागणार नाही.

पूर्वी अमेरिकेत दूरच्या गावी फुले पाठवायची, तर ती पेटीत भरून रेल्वेने धाडावी लागत, आणि पोहोचेपर्यंत ती कोमेजून जात. १९१० साली पंधरा फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन एक साधी युक्ती काढली. फुले पाठवायचीच नाहीत, फक्त मागणी तारेने पाठवायची. एका गावच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यावेत, दुसऱ्या गावच्या दुकानदाराला तार करावी, त्याने आपल्याकडील ताज्या फुलांचा गुच्छ बांधून पत्त्यावर पोहोचवावा, आणि दोघांचा हिशेब मागाहून संस्थेमार्फत चुकता व्हावा. हीच संस्था पुढे एफटीडी या नावाने प्रसिद्ध झाली. पायांना पंख असलेला, हाती गुच्छ घेऊन धावणारा मर्क्युरी हे तिचे चिन्ह. रोमन लोकांचा हा देवदूत व्यापाराचाही देव मानला जातो. पुढे १९३४ साली टेलिफ्लोरा ही दुसरी संस्था निघाली. आज तार गेली आणि संगणक आले, तरी व्यवहाराचा सांगाडा तोच आहे.

मी हे ह्यांना वाचून दाखवले, तेव्हा हे हसून म्हणाले, "ही तर हुंडीच झाली!" खरेच आहे. आमच्या आजेसासऱ्यांच्या काळी हळदीच्या पेढीवर पैसे भरावेत आणि मुंबईच्या पेढीवर तेवढीच रक्कम उचलावी, असा रिवाज होता. नाणी प्रवास करीत नसत, चिठ्ठी करीत असे. ती चिठ्ठी वटायची ती दोन पेढ्या एकमेकींना ओळखत म्हणून.

गोम नेमकी इथेच आहे. हुंडीत आडत ठरलेली असे, आणि दोन्ही टोकांची माणसे आपल्या पतीला जपत. फुलांच्या या व्यवहारातही प्रारंभी तसेच होते. मागणी घेणाऱ्या दुकानदाराला परंपरेने सुमारे वीस टक्के मिळत, संस्था आपला लहानसा वाटा घेई, आणि उरलेल्या रकमेत गुच्छ बांधणारा दुकानदार काम करी. परंतु आता मध्ये असे मध्यस्थ शिरले आहेत, ज्यांचे स्वतःचे फुलांचे दुकानच नाही. ते गावाचे नाव लावून जाहिरात करतात, आपले शुल्क आधी कापून घेतात आणि उरलेल्या पैशांत कुणीतरी गुच्छ बांधावा म्हणून मागणी पुढे ढकलतात. गावातला प्रामाणिक दुकानदार हाती आलेल्या रकमेइतकीच फुले घालू शकतो. चित्र मोठे आणि गुच्छ लहान, याचे कारण हे. अमेरिकेतील काही राज्यांनी अशा खोट्या 'स्थानिक'पणाविरुद्ध कायदेही केले आहेत.

आणखी एक गोष्ट मला या निमित्ताने कळली आणि तिची हळहळ वाटली. रिचमंडला 'गुलाबांचे गाव' म्हणतात. ई. गर्नी हिल या गृहस्थांनी आणि त्यांच्या कुटुंबाने तिथे काचगृहांत गुलाबांच्या नव्या जाती निपजवल्या, आणि त्या देशभर गेल्या. गावच्या ग्लेन मिलर उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ गुलाबबाग आहे. मात्र आज अमेरिकेतल्या दुकानांत मिळणारे बहुतेक गुलाब कोलंबिया आणि एक्वाडोर या देशांतून येतात. बोगोटाच्या पठारावर बारमाही सौम्य हवा असते, तिथे काचगृह तापवावे लागत नाही आणि मजुरीही स्वस्त. खुडलेली फुले थंड पेट्यांतून विमानाने मायामीला उतरतात. तिथे कीड-रोगाची तपासणी होते, आणि मग शीतगाड्यांतून ती देशभर जातात. गुलाबांच्या गावी पाठवलेला गुलाबही असा हजारो मैलांवरून आलेला असतो. व्यापारात स्वस्त माल महाग मालाला हटवतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही त्या गावच्या काचगृहांचा विचार मनात येऊन गेला.

तर त्या रात्री आम्ही काय केले? सुनेला विचारून गावातल्या एका जुन्या दुकानाचे नाव घेतले. तिथले दुकान सकाळी नऊला उघडते, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात. त्या वेळी थेट फोन लावला. फोनवर एक प्रौढ बाई होत्या. मृत व्यक्तीचे नाव सांगताच त्या म्हणाल्या, "होय, आम्ही त्यांना ओळखत होतो." एवढ्या एका वाक्याने माझे अर्धे ओझे उतरले. अंत्यदर्शन कोणत्या ठिकाणी, किती वाजता, हे त्यांना आधीच ठाऊक होते.

मग त्यांनी विचारले, "काय पाठवायचे?" इथे मी अडखळले. आमच्या घरी अष्टद्रव्यांतील पुष्पाच्या जागी केशरात रंगवलेल्या अक्षता वाहण्याची रीत आहे. वनस्पतीतही जीव आहे, हे संस्कार लहानपणापासूनचे. खुडलेल्या फुलांचा मोठा हार पाठवावा असे मनाला वाटेना, आणि काहीच न पाठवणे तर त्याहून अशक्य. मी माझी अडचण जमेल तशी सांगितली. त्या बाईंना ती मुळीच विचित्र वाटली नाही. "मग कुंडीतले रोप पाठवा. पुष्कळ लोक पाठवतात," त्या म्हणाल्या. हिरव्यागार पानांचे, पांढऱ्या फुलांचे पीस लिली हे रोप तिकडे शोकप्रसंगी पाठवण्याची पद्धतच आहे. ते घरात जगते आणि मागे राहिलेल्यांना ठेवून घेता येते.

चिठ्ठीवर काय लिहायचे, हे ठरवायला सर्वांत अधिक वेळ लागला. शेवटी एवढेच लिहिले : 'आमच्या मुलांच्या आईला, त्यांच्या दुसऱ्या आईकडून.' बाईंनी ते वाक्य फोनवर दोनदा वाचून दाखवले. "दुसरी आई कोण, तुम्ही की त्या?" असे त्यांनी हळूच विचारले. चूक माझ्या लक्षात आली. मग चिठ्ठी अशी झाली : 'तुम्ही आमच्या मुलांची आई झालात. सांगलीच्या आईवडिलांचा नमस्कार.'

आपल्या समाजातील अनेक घरांतील मुले-मुली आज अशा लहान अमेरिकन गावांत नोकरी-शिक्षणासाठी गेली आहेत. त्यांच्या आप्तांच्या उपयोगी पडावे म्हणून चार गोष्टी नोंदवते.

पहिली, दुकान मुलांना विचारून निवडावे आणि थेट फोन करावा. दुकानाचा रस्त्यावरचा पत्ता विचारावा. तो सांगताना जो घुटमळतो, त्याच्याशी व्यवहार करू नये. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहाराची मुभा बँकेकडून आधी घेऊन ठेवावी.

दुसरी, ठरावीक चित्राचा आग्रह न धरता रक्कम सांगावी आणि 'आज तुमच्याकडे ताजे असेल ते द्या' असे म्हणावे. त्या रकमेत दुकानदार मन लावून काम करतो.

तिसरी, मध्य-पश्चिमेकडील हिवाळा कडक असतो. घरी कुणी नसताना दारात ठेवलेले रोप गोठून मरते. म्हणून घेणारा घरी केव्हा असेल, ते अवश्य कळवावे. रुग्णासाठी पाठवायचे असेल, तर इस्पितळात फुले चालतात का, हे आधी विचारावे. अतिदक्षता विभागात बहुधा चालत नाहीत.

चौथी, मृत्यूची बातमी नीट वाचावी. पुष्कळदा कुटुंब लिहिते की, फुलांऐवजी अमुक संस्थेला देणगी द्यावी. तसे असेल तर तेच करावे. तो त्यांच्या शब्दाचा मान आहे, आणि आपल्या दानधर्माच्या रीतीला ते जवळचेही आहे.

अंत्यदर्शनाच्या दिवशी सुनेने फोटो पाठवला. मोठमोठ्या पुष्पचक्रांच्या एका बाजूला आमचे रोप होते. विधी आटोपल्यावर त्या आजींच्या लेकीने ते उचलून आमच्या सुनेच्या हाती दिले आणि म्हणाली, "आईला वाटले असते, हे तुझ्याकडे असावे." आता ते त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. शुक्रवारच्या व्हिडिओ फोनवर नातू ते मला दाखवतो. गेल्या आठवड्यात त्याला नवे पान फुटले.

ह्यांनी त्या दुकानाचा क्रमांक पेढीच्या वहीत, आडत्यांच्या यादीत, लिहून ठेवला आहे. मी विचारले, "फूलवालीचा क्रमांक इथे कशाला?"

हे म्हणाले, "ज्याचा शब्द वटतो, तो याच यादीत."