नुकसान झालं खरं, पण ते लिहिलंय कुठे?

जुलै २०१८च्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरार पाण्याखाली होतं. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल बंद पडल्या, वसईच्या मिठागरात माणसं अडकली. अशा दिवसांत बांधकामाच्या साइटवर काम होणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तीन-चार वर्षांनी तिथला एखादा ठेकेदार लवादासमोर उभा राहून ‘तेव्हा पाऊसच तसा होता हो’ म्हणाला, तर त्याच्या हाती फारसं काही लागत नाही. वसईत जुलैमध्ये पाऊस पडतो हे टेंडर भरतानाही त्याला ठाऊक होतं. अशा कारणासाठी बहुतेक करार मुदत वाढवून देतात, पैसे देत नाहीत.

पैसे मागायचे तर उशीर समोरच्यामुळे झाला, हे आधी दाखवावं लागतं. आरसीसीचे नकाशे आले नाहीत, जागा मोकळी करून दिली नाही, बिलं अडकवली, अशी ही कारणं असतात. त्यानंतर त्या उशिरामुळेच नुकसान झालं, हे सिद्ध करायचं. आणि शेवटी किती झालं ते. घोडं अडतं ते बहुधा या शेवटच्या पायरीवर.

१८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७३ हेच सांगतं. करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे झालेलं, किंवा करार करतानाच दोघांना कल्पना असलेलं नुकसान मागता येतं, दूरान्वयाचं नाही. शिवाय हाताशी उपाय असूनही नुकसान वाढू दिलं, तर तेही हिशेबात धरलं जातं. नकाशे येत नाहीत म्हणून भाड्याचा मिक्सर पाच महिने साइटवर उभा ठेवणाऱ्याला ‘परत का नाही पाठवलास?’ हा प्रश्न ऐकावा लागतोच.

इथे कामाला येते ती मुकादमाची मळकी वही. ‘१२ तारीख. सेंटरिंगचे ८, फिटर ४ हजर. तिसऱ्या स्लॅबचा नकाशा नाही. काम बंद. मिक्सर उभा.’ एवढ्याच दोन ओळी, पण त्याच दिवशी लिहिलेल्या, आणि संध्याकाळी मालकाच्या इंजिनिअरला पाठवलेल्या. सोबत मजुरीचं पत्रक, भाड्याची पावती आणि बँकेतून गेलेले पैसे. भांडण झाल्यावर वकिलाच्या ऑफिसात बसून तयार केलेल्या देखण्या एक्सेल शीटपेक्षा या वहीचं वजन जास्त.

मजूर-मशिनचं एकवेळ दाखवता येतं. हेड ऑफिसचं भाडं, अकाउंटंटचा पगार आणि बुडालेला नफा यांचा हिशेब अवघड. त्यासाठी ठेकेदार हडसन सूत्राचा आधार घेतात. समजा नायगावात ३ कोटी ६० लाखांचं काम १२ महिन्यांत संपायचं होतं आणि टेंडरमध्ये ऑफिसखर्च व नफा मिळून १० टक्के धरले होते. म्हणजे महिन्याला ३ लाख. पाच महिने उशीर झाला, की मागणी १५ लाखांची. गणित सुटसुटीत आहे. इतकं, की शंका यावी. ज्या रकमेवर टक्के काढले, तिच्यात नफा आधीच मिसळलेला असतो. त्यातून हे काम रेंगाळलं नसतं तर ठेकेदाराला दुसरं काम मिळालंच असतं, हे सूत्र गृहीत धरून चालतं. एमडन सूत्र निदान कंपनीचा खरा खर्च पाहतं, अमेरिकेतलं आयकली सूत्रही तसंच.

मुंबईतल्या एका प्रकरणात यावर बराच खल झाला. हिंदुस्तान पेट्रोलियमने सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याच्या प्रकल्पाचं काम १९९२मध्ये बाटलीबॉय एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअर्सला दिलं होतं. काम लांबलं आणि पुरं होण्याआधीच थांबलं. १९९९मध्ये लवादाने बाटलीबॉयला भरपाई दिली, ती उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रद्द केली, आणि सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय कायम ठेवला. सूत्रं त्याज्य आहेत असं न्यायालय म्हणालं नाही. प्रश्न होता तो हे आकडे कुठून आले, आणि एकच नुकसान दोनदा तर मोजलेलं नाही ना, हा. करारापासून या उत्तरापर्यंत ३१ वर्षं गेली.

पुढच्याच महिन्यात युनिब्रॉस विरुद्ध ऑल इंडिया रेडिओ खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: बुडालेला नफा हवा असेल, तर या कामात अडकल्यामुळे कोणती कामं सोडावी लागली ते दाखवा. नाकारलेल्या निविदा आणि ताळेबंद अशा प्रकरणात बोलतात. उशीर सिद्ध झाला म्हणजे नफा बुडालाच, असं धरून चालत नाही.

हा नियम मालकालाही लागू आहे. लष्कराला बटाटे, अंडी, कोंबड्या नि मासळी पुरवणाऱ्या मौला बक्ष यांचा पुरवठा अनियमित झाला म्हणून सरकारने त्यांची १८,५०० रुपयांची अनामत जप्त केली. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, तोच माल बाजारातून कोणत्या भावाने घ्यावा लागला, त्याचा पुरावा कुठे आहे? तो सरकारने दिलाच नव्हता. भाव काढणं अशक्य नसताना नुसतं ‘दंडाची अट करारात आहे’ म्हणून भागत नाही. बिलातून बिनबोभाट दंड कापणाऱ्या सोसायट्यांनी आणि विकासकांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

फ्लॅट घेणारा मात्र थोडा सुखी. ताबा लांबला आणि त्याने घर सोडायचं नाही असं ठरवलं, तर रेराच्या कलम १८नुसार दर महिन्याचं व्याज मागताना भाड्याच्या पावत्यांचा गठ्ठा काढावा लागत नाही. ही सवलत ठेकेदाराला नाही.

त्याच्यासाठी करार कायद्यात आणखी एक खोच आहे, कलम ५५ची. वेळ महत्त्वाची असलेल्या करारात समोरच्याने उशीर केला आणि तुम्ही उशिराचं काम चालवून घेतलं, तर भरपाई मागण्याचा इरादा त्याच वेळी कळवावा लागतो. नंतर दार बंद. म्हणून मुदतवाढीच्या पत्रावर सही करण्याआधी ‘भरपाईचा हक्क राखून’ ही ओळ त्यात आहे का ते पाहा, नसेल तर हाताने लिहा, आणि पोच घेतलेली प्रत फाइलला लावा.