गिनी पिगचा मुतखडा

गिनी पिगच्या पिंजऱ्यातलं कापड बदलताना त्यावर पांढुरके डाग दिसतात आणि नव्यानेच हा प्राणी पाळणारं घर घाबरून जातं. हे डाग बहुधा निरोगीपणाचेच असतात. माणसाची लघवी साधारणपणे नितळ आणि किंचित आम्लधर्मी असते. गिनी पिगची लघवी मात्र गढूळ, फिकट पिवळी किंवा दुधाळ असते. ती अल्कधर्मी असून तिचा सामू ८ ते ९च्या आसपास असतो. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि लघवी वाळली की त्यांचीच पांढरी पूड मागे उरते. प्लास्टिकच्या ट्रेवर या पुडीचा थर चढतो. तो साबणाने निघत नाही, पण पांढरं व्हिनेगर ओतलं की बुडबुडे येऊन सुटतो.

ही पूड बोटांत चोळल्यावर मऊ लागते, तोवर काळजी नाही. ती वाळूसारखी खरखरीत लागू लागली, किंवा लघवीच दाट आणि चिकट होऊन पडू लागली, तर मूत्राशयात गाळ साचत असल्याची शक्यता असते. गाळाच्या पुढची पायरी मुतखड्याची. पाळीव गिनी पिगमध्ये, विशेषतः वयस्क जनावरांत, मुतखडा वारंवार आढळतो. तो वेळेत ओळखला गेला तर प्राणी वाचतो. उशीर झाला तर काही तासांतच जिवावर बेततं.

खडा होण्याचं मूळ या प्राण्याच्या शरीररचनेत आहे. माणसाचं आतडं अन्नातलं कॅल्शियम गरजेपुरतं शोषतं. गिनी पिगच्या आतड्यातून मात्र गरजेपेक्षा जास्त कॅल्शियमही रक्तात उतरतं आणि त्यातला बराचसा भाग मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. अँडीज पर्वतातल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवलेला हा जीव गवतावर वाढलेला. भरपूर गवत, ओला पाला आणि सतत हालचाल या जगण्याला ही व्यवस्था पुरेशी होती. छोट्या पिंजऱ्यात बसून राहणारा, कोरड्या गोळ्या खाणारा आणि कमी पाणी पिणारा गिनी पिग त्याच व्यवस्थेमुळे अडचणीत येतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत तपासलेल्या गिनी पिगच्या खड्यांवरचा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतांश खडे शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचे निघाले. याचे दोन अर्थ होतात. पहिला दिलासा देणारा आहे: असे खडे एक्स-रेमध्ये पांढरेशुभ्र, स्पष्ट दिसतात. दुसरा कठीण आहे: औषधाने किंवा पथ्याने ते विरघळत नाहीत. माणसांच्या मुतखड्यावरचे काढे आणि घरगुती उपाय इथे कामाचे नाहीत आणि ते करण्यात गेलेला वेळ प्राण्याला महागात पडतो.

गिनी पिग दुखणं लपवतो. जंगलात आजारी दिसणारा प्राणी आधी शिकार होतो, त्यामुळे हा जीव शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखा वावरतो. म्हणून बारीक खुणांकडे लक्ष हवं. लघवी करताना किंवा लेंड्या टाकताना तो बारीक आवाजात किंचाळतो, पाठ कमानीसारखी वर उचलतो, पुन्हा पुन्हा बसतो आणि दोन-चार थेंबच गळतात. मागची बाजू ओली राहते, तिथले केस झडतात, कातडी लाल होते. दात कराकरा वाजणं हेही वेदनेचं लक्षण. जोर लावूनही लघवीचा थेंब येत नसेल आणि पोट ताठलेलं असेल, तर खडा मूत्रमार्गात अडकलेला असू शकतो. तेव्हा सकाळ होण्याची वाट पाहू नये.

लघवीतला लाल रंग फसवा असतो. बीटसारख्या भाज्यांतल्या रंगद्रव्यांमुळे ती तांबूस दिसू शकते, तर कधी हवेचा संपर्क आल्यावर ती तपकिरी होते. पशुवैद्याकडच्या रंग बदलणाऱ्या तपासणीपट्टीवर ते रक्त आहे की नाही, हे काही मिनिटांत कळतं. मादीच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासावी लागते. तिच्या गर्भाशयाच्या विकारांमुळे होणारा रक्तस्राव लघवीतून आल्यासारखा भासतो.

गिनी पिग जोडीने किंवा कळपाने राहणारा प्राणी असल्यामुळे दोघांपैकी आजारी कोण, हा प्रश्न उरतोच. मध्ये जाळी लावून दोघांना काही तास वेगवेगळ्या पांढऱ्या टॉवेलवर ठेवलं की उत्तर मिळतं. जाळीपलीकडचा जोडीदार दिसत आणि हुंगता येत राहिल्याने दोघंही बिथरत नाहीत.

मादी आणि नर यांची दुखणी थोडी वेगळी असतात. मादीचं मूत्रद्वार गुदद्वाराच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे विष्ठेतले जंतू मूत्राशयात सहज शिरतात. अस्वच्छ, ओलसर बिछाना आणि वाढलेलं वजन त्याला हातभार लावतात. मूत्राशयाला जंतुसंसर्ग आणि खडा या दोन गोष्टी अनेकदा एकत्रच आढळतात. मादीचा मूत्रमार्ग रुंद असल्याने लहान खडा पुढे सरकत दाराशी आला, तर हलकी भूल देऊन तो तिथूनच काढता येतो. नराचा मार्ग लांब आणि अरुंद. त्यात खडा अडकण्याचा धोका जास्त असतो, शिवाय त्याच्या वीर्यकोशातही खडे होऊ शकतात.

पशुवैद्य पोट चाचपतो, लघवी तपासतो, एक्स-रे काढतो आणि गरज पडल्यास सोनोग्राफी करतो. संसर्ग असेल तर नेमका कोणता जंतू आहे हे शोधून प्रतिजैविक दिलं जातं. या टप्प्यावर घरच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी: घरात उरलेली माणसांची किंवा कुत्र्याची प्रतिजैविकं गिनी पिगला कधीही देऊ नयेत.

यामागचा इतिहास बोलका आहे. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. ते चौघे तगले, बाकीचे चार सकाळपर्यंत मेले. आधुनिक वैद्यकाचं एक नवं पर्व त्या रात्री सुरू झालं. त्या खोलीत उंदरांऐवजी गिनी पिग असते, तर हे औषध विषारी म्हणून बाजूला पडण्याचीच शक्यता मोठी होती. पेनिसिलिन गिनी पिगला मारतं, हे १९४३मध्ये संशोधकांनी नोंदवलं. या प्राण्याचं पचन आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंवर चालतं. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी औषधं त्या जिवाणूंचा नाश करतात, त्यांच्या जागी विष सोडणारे क्लॉस्ट्रिडियम जंतू माजतात आणि प्राणी काही दिवसांत दगावतो. जाणकार पशुवैद्य त्याऐवजी ट्रायमेथोप्रिम-सल्फा किंवा एन्रोफ्लॉक्सासिन वापरतात आणि वेदनेसाठी वजनाच्या हिशेबाने मेलॉक्सिकॅम देतात. म्हणून गिनी पिग, ससे यांच्यावर नेहमी उपचार करणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवणं शहाणपणाचं.

मूत्राशयातला मोठा खडा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. आयसोफ्ल्युरेनची भूल देऊन मूत्राशय उघडतात, खडा काढतात, आत साचलेला गाळ धुऊन टाके घालतात. किलोभर वजनाच्या जिवासाठी ही जोखमीची गोष्ट आहे, पण अनुभवी हातांत ती यशस्वी होते. माणसाप्रमाणे या प्राण्याला शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. तो उलटी करू शकत नाही आणि पोट रिकामं राहिलं तर त्याचं आतडंच थंडावतं. शुद्धीवर आल्यावर लवकर खाणं सुरू व्हावं लागतं. तो स्वतः खात नसेल तर तंतुमय चाऱ्याची पातळ पेज सिरिंजने, गालाच्या कडेने, थोडी थोडी भरवावी लागते. टाके भरले म्हणजे काम संपलं, असंही नाही. हे खडे पुन्हा होतात, कधी काही महिन्यांतच, म्हणून ठरावीक अंतराने एक्स-रे काढत राहावं लागतं.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून जे करायचं, ते घरातच करायचं असतं आणि त्याची सुरुवात गवतापासून होते. रोजच्या खाण्यातला सर्वांत मोठा वाटा वाळलेल्या गवताचा हवा. परदेशातून येणारं टिमोथी गवत महाग पडतं, पण ओटचं वाळलेलं गवत किंवा स्वच्छ जागेवरची, फवारणी न झालेली हरळीही चालते. महाराष्ट्रात एक चूक सहज होऊ शकते. दूध-दुभत्याच्या भागात सहज मिळणारा हिरवागार लसूणघास पौष्टिक म्हणून आणला जातो. हा घास म्हणजेच परदेशातला अल्फाल्फा, आणि त्यात कॅल्शियम भरपूर असतं. वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला तो चालतो, प्रौढ गिनी पिगचं ते रोजचं अन्न नव्हे.

पालेभाज्यांतही निवड हवी. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं, तर ढोबळी मिरचीत जेमतेम १० ते १५. माठ आणि पालक यांत ऑक्सलेटही जास्त. हे पाले अधूनमधून, थोडेच द्यावेत. लेट्यूस, काकडी, ढोबळी मिरची या पाणीदार भाज्या रोज चालतात आणि त्यांतून जाणारं पाणी लघवी पातळ ठेवतं. तयार गोळ्या मोठ्या चमच्याने एक-दोन चमचे पुरतात, त्याही गवतापासून बनवलेल्या.

कॅल्शियम कमी करण्याच्या नादात क जीवनसत्त्व मात्र विसरून चालत नाही. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरातही ते तयार होत नाही. १९०७मध्ये नॉर्वेचे अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. त्या प्रयोगाने क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी केली. प्रौढ गिनी पिगला वजनाच्या किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. २५ ग्रॅम ढोबळी मिरचीतून साधारण २० मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे रोजचे काही काप पुरतात. जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात मिसळू नयेत. ते लवकर निकामी होतात, शिवाय पाण्याची चव बदलली की प्राणी पाणी पिणंच कमी करतो.

पाण्याची बाटली रोज धुऊन भरावी आणि तिची गोळी अडकत नाही ना, हे बोट लावून पाहावं. शक्य असेल तर शेजारी जड वाडगाही ठेवावा. फिरायला मोकळी जागा मिळाली की साचलेला गाळ हलतो आणि लघवीबरोबर बाहेर पडतो. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहावं. ५० ग्रॅमची घट दिसली, तर बाकी लक्षणं नसतानाही तपासणी करून घ्यावी.

दिवाळीच्या दिवसांत थोडी अधिक तयारी लागते. फटाक्यांच्या आवाजाने गिनी पिग कोपऱ्यात दबून बसतो, खाणं-पिणं कमी करतो. ज्याला आधीच गाळाचा त्रास आहे, त्याला हे परवडत नाही. पिंजरा आतल्या खोलीत हलवावा, लपायला खोकं द्यावं, भाज्या धुऊन ओल्याच द्याव्यात आणि रात्री झोपण्यापूर्वी ट्रेमध्ये लघवी आणि लेंड्या दोन्ही पडल्या आहेत ना, हे पाहावं. सणात अनेक दवाखाने बंद असतात. चालू असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक वसुबारसेआधीच फोनमध्ये जतन करावा. जाण्याची वेळ आलीच, तर आजवरचे एक्स-रे, वजनाची वही, रोजच्या खाण्याची यादी आणि लघवी करतानाचा मोबाइलवर टिपलेला व्हिडिओ सोबत न्यावा. प्रवासात पेटीत गवत ठेवावं आणि शक्य तर जोडीदारालाही बरोबर घ्यावं.