मधला आवाज : जॅनेट बेकर यांचा ऑपेरा आणि धर्मसंगीत

पाश्चात्त्य गायनात स्त्रीच्या आवाजाचे ढोबळमानाने तीन प्रकार मानतात. सर्वांत उंच सोप्रानो, सर्वांत खालचा काँट्राल्टो आणि दोहोंमधला मेझो-सोप्रानो. ‘मेझो’ या इटालियन शब्दाचा अर्थच मधला. ऑपेरात नायिका बहुधा सोप्रानो असते. ‘कार्मेन’सारखे अपवाद सोडले तर मेझोच्या वाट्याला आई, दाई, चेटकीण, नायिकेची सवत, नाहीतर पुरुषवेशातला कोवळा तरुण. धर्मसंगीतात मात्र उलट घडते. बाखच्या ‘बी मायनर मास’च्या शेवटाकडची करुणेची याचना, हँडेलच्या ‘मसाया’तले ख्रिस्ताच्या अवहेलनेचे गाणे, एल्गारच्या ‘द ड्रीम ऑफ जेराँशियस’मधला देवदूत, ही सारी कामे या खालच्या स्वराकडे येतात. रंगमंचावर दुय्यम ठरलेला आवाज प्रार्थनेत केंद्रस्थानी कसा येतो?

संगीताचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही; ध्वनिमुद्रिका, चरित्रे आणि स्वतःच शिकलेले स्वरलिपीचे वाचन एवढेच माझे भांडवल. त्या भांडवलावर या प्रश्नाचा शोध घेताना जॅनेट बेकर ही इंग्रज गायिका मला सर्वांत उपयोगी पडली.

बेकरबाईंचा जन्म १९३३ मध्ये यॉर्कशरमध्ये झाला. लीड्समध्ये बँकेत नोकरी आणि तिथल्याच समूहगायनाच्या संघात गाणे, अशी त्यांची सुरुवात. पुढे लंडनला जाऊन त्या खासगीरीत्या शिकल्या आणि १९५६ मध्ये कॅथलीन फेरियर स्पर्धेत दुसऱ्या आल्या. समूहात गाणाऱ्याला शेजारच्याचा आवाज ऐकत गावे लागते, स्वतःला थोडे मागे ठेवावे लागते. ही शिस्त त्यांच्या गाण्यात शेवटपर्यंत दिसते असे माझे मत आहे.

पर्सेलच्या ‘डायडो अँड एनिअस’मधल्या डायडोच्या विलापाचे १९६१ चे त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकावे. प्रियकर सोडून गेलेली राणी मरणापूर्वी गाते. खाली मंद्र वाद्यांवर पाच मापांची एक स्वरओळ अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत जाते आणि पुन्हा पुन्हा येते. आपल्या आवर्तनासारखेच म्हणा. पण गायिकेची ओळ त्या आवर्तनाबरोबर संपत नाही. ती सम ओलांडून पुढे जाते. खालची वाद्ये नियतीसारखी ठरल्या वेळी परततात आणि वरचा माणसाचा आवाज तेवढ्यात आपले म्हणणे पुरे करू पाहतो. बेकरबाई इथे हुंदका देत नाहीत. शब्द स्पष्ट ठेवून आवाज हळूहळू काढून घेतात, आणि नेमका त्यानेच काळजाला हात जातो.

माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर याच स्पष्टपणात आहे, आणि ते ध्वनिशास्त्राचे आहे. प्रत्येक स्वरवर्णाची, म्हणजे ‘आ’ची, ‘ई’ची, ओळख तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या ठरावीक कंपनसंख्यांवरून पटते. गाण्याची पट्टी त्यांतल्या पहिल्या कंपनसंख्येच्याही वर गेली की ‘ई’ आणि ‘आ’ कानाला जवळजवळ सारखेच वाटू लागतात. सोप्रानो सेकंदाला हजार कंपनांपाशी गाते तेव्हा म्हणूनच शब्द विरतो आणि निव्वळ नाद उरतो. मेझोचे बरेचसे गाणे बोलण्याच्या पट्टीला त्याहून जवळ राहते. जिथे वचन ऐकू जाणे महत्त्वाचे, तिथे हा आवाज सोयीचा.

उरलेले अर्धे उत्तर इतिहासात सापडते. बाखच्या काळी लाइपझिगच्या चर्चमध्ये स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. ऑल्टोच्या जागा मुलगे आणि तरुण पुरुष गात. ऑपेरात त्या पट्टीत कास्ट्रातो गात, म्हणजे लहानपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला नाही असे पुरुष. ती प्रथा बंद पडली आणि त्या जागा पुढे बऱ्याच अंशी मेझोंकडे आल्या. बालगंधर्वांची भामिनी ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आठवली जाते त्यांना हे नवल वाटू नये. आपल्याकडे पुरुषाने स्त्री उभी केली. बेकरबाईंनी १९७९ मध्ये लंडनमध्ये हँडेलचा ज्यूलिअस सीझर उभा केला.

चर्च आणि नाटक यांच्यात भिंत होती, असेही समजू नये. डब्लिनमध्ये १७४२ साली ‘मसाया’ पहिल्यांदा झाले तेव्हा ते अवहेलनेचे गाणे सुझाना सिबर या नटीने गायिले. नवऱ्याने केलेल्या कोर्टप्रकरणामुळे ती बदनाम झाली होती आणि तिचा आवाजही बारीक होता, पण शब्द पोचवण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. गाएतानो ग्वादान्यी या कास्ट्रातोसाठी हँडेलने १७५० मध्ये ‘मसाया’तली गाणी फिरवून लिहिली, त्याच गायकासाठी ग्लुकने १७६२ मध्ये व्हिएन्नात ‘ऑर्फिओ’ रचला. एल्गारचा पहिला देवदूत, बर्मिंगहॅममध्ये १९०० साली, मारी ब्रेमा यांनी गायिला. त्या तर बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरांत गाजलेल्या होत्या.

‘जेराँशियस’ रंगमंचावरचे नाटक नव्हे, पण त्याला कथा आहे. एक म्हातारा मरतो, देवदूत त्याच्या आत्म्याला न्यायासनापर्यंत नेतो आणि मग शुद्धीसाठी पाण्यात सोडून, परत न्यायला येईन असे सांगून निरोप घेतो. गायिकेला इथे राग नाही, लोभ नाही, संघर्षही नाही. म्हणजे अभिनयाला आधारच नाही. बार्बिरोली यांच्या संचालनाखाली डिसेंबर १९६४ मध्ये मँचेस्टरला झालेल्या ध्वनिमुद्रणात बेकरबाई तो निरोप अंगाईसारखा गातात. कुठेही गोडवा ओतलेला नाही. आपल्याला सारे आधीच ठाऊक आहे अशा स्थिरपणाने प्रत्येक शब्द येतो. हा आधार नाटकाच्या अनुभवातूनच येतो असे मी म्हणेन. गप्प राहून दुसऱ्या पात्राकडे पाहणे ज्याला जमते त्यालाच हा देवदूत जमेल.

उलट बाजूचा पुरावा दोनिझेत्तीच्या ‘मेरी स्टुअर्ट’मध्ये मिळतो. मूळ सोप्रानोची ही भूमिका त्यांच्यासाठी खाली उतरवली होती, आणि १९८२ चा प्रत्यक्ष प्रयोग ध्वनिमुद्रित झाला. एलिझाबेथ राणीला तोंडावर शिवी देणारी मेरी तीच, आणि वधाआधी सोबत्यांच्या प्रार्थनेवर आपला एकच लांब स्वर धरून ठेवणारीही तीच. त्या प्रार्थनेत मला लीड्सची समूहगायिका ऐकू येते.

त्याच वर्षी ग्लाइंडबोर्नला ग्लुकचा ऑर्फिओ गाऊन त्यांनी ऑपेराचा निरोप घेतला. मैफलींतले गाणे त्यानंतरही काही वर्षे चालू होते. नव्या श्रोत्याने आधी डायडो ऐकावी, मग क्लेम्परर यांच्या १९६७ च्या ‘बी मायनर मास’मधली शेवटाकडची याचना, आणि जेराँशियसचा निरोप एखाद्या रिकाम्या रात्रीसाठी राखून ठेवावा.