जलसंजीवनीचे प्रमाण

वैशाखात हैदराबादचा पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि काचीगुडा-सुलतान बाजारातील मराठी घरांतली मुले सुटीच्या भर दुपारी गच्चीवर क्रिकेट मांडतात, तेव्हा कचेरीत गुंतलेल्या आईबापांना दुकानातील गोड पेयाचा खोका सोयीचा वाटतो. परंतु जुलाब-वांतीने शोषलेल्या बालकास तोच अपायकारक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर जलसंजीवनीत, म्हणजेच ‘ओआरएस’मध्ये, ग्लुकोज 13.5 ग्रॅम व मीठ 2.6 ग्रॅम असते, कारण आतड्याच्या पेशी सोडियम व ग्लुकोज जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी रक्तात शिरते. साखर बेसुमार झाली, की उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाऊन जुलाब बळावतात. दुकानातील अशा गोड पेयांवरून ‘ओआरएस’ हे नाव हटावे म्हणून याच शहरातील बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे नेटाने पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा मनाईहुकूम निघाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. खेळत्या, निरोगी मुलास पाणी आणि मीठ घातलेले ताक पुरेसे आहे. जुलाबात जलसंजीवनीची पुडी लागलीच, तर ती सबंध, छापील सूचनेइतक्याच पाण्यात विरघळवावी. चिमूटभर पूड पेल्यात टाकण्याचा अदमास टाळावा.