हवा गेल्यानंतरचे ८० किलोमीटर

मोटारीचा भार टायरचे रबर पेलते असा समज असला, तरी तो मुख्यतः पेलते ती आत दाबून भरलेली हवा. एका चाकावर ३५० किलो भार आणि टायरमध्ये ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो दाब धरला, तर रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम १५० चौरस सेंटीमीटर, म्हणजे पसरलेल्या पंजाएवढा भरतो. हवा गेली की नेहमीच्या टायरच्या लवचिक बाजू, ज्यांना साइडवॉल म्हणतात, रिमखाली चेपल्या जातात.

रन-फ्लॅट टायरच्या साइडवॉलमध्ये उष्णता सोसणाऱ्या रबराचा जाड थर बसवलेला असल्याने हवेचा दाब शून्यावर आला तरी ती बाजूच भार उचलते. मात्र सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर वेगाने सुमारे ८० किलोमीटर, एवढीच असते. दोन मीटर परिघाचा टायर तेवढ्या अंतरात ४०,००० फेरे घेतो, प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल वाकून पुन्हा सरळ होते, आणि वाकवण्यात खर्ची पडलेल्या ऊर्जेचा काही अंश रबर परत न देता उष्णतेत बदलते. ही उष्णता लवकर बाहेर पडत नसल्याने टायर आतून निकामी होत जातो. चालकाला हवा गेल्याचे जाणवेलच असे नाही, म्हणून अशा मोटारीत दाब मोजून इशारा देणारी यंत्रणा हवीच.

या सोयीची किंमत मात्र पंक्चर नसतानाही मोजावी लागते, कारण ताठ साइडवॉल खड्ड्याचा दणका पुरेसा शोषत नाही आणि तो रिमपर्यंत व आसनापर्यंत पोहोचतो. ट्यूबलेस टायरमधील खिळ्याचे भोक रस्त्याकडेच्या दुकानात रबराची वात घालून काही मिनिटांत बुजते. उलट हवेविना धावलेल्या रन-फ्लॅटची आतली इजा बाहेरून दिसत नसल्याने तो सहसा बदलावाच लागतो, आणि त्या मापाचा टायर तालुक्याच्या गावी मिळणे कठीणच.

तरीही सुमारे ९५ किलोमीटरच्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर, जिथे भरधाव वाहनांशेजारी जॅक लावणे हेच पंक्चरपेक्षा धोक्याचे, तिथे हे टायर खरोखर उपयोगी ठरतात. खड्ड्यांच्या शहरी रस्त्यांवरच फिरणाऱ्या मोटारीला मात्र नेहमीचे टायर आणि डिकीतली स्टेपनी अधिक सोयीची. रन-फ्लॅट काढून साधे टायर घालायचे झाल्यास ते चारही चाकांना एकदमच घालावेत, आणि अशा मोटारीत बहुधा स्टेपनीला जागाच ठेवलेली नसल्याने पंक्चर दुरुस्तीचा संच व हवा भरण्याचा छोटा पंप त्याच दिवशी घ्यावा.