नव्या स्वाक्षरीचा श्रीगणेशा

गेल्या वर्षी दिल्लीतील आमच्या शाखेत एक मराठी भगिनी आल्या. हातात न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत होती. "मॅडम, बारा वर्षांचा संसार कायद्यानं संपला. आता बँकेत आणखी काही करायचं राहिलंय का?" त्यांनी शांतपणे विचारले. खाती तपासली, तेव्हा पुष्कळ काही राहिले होते. बचत खाते दोघांच्या नावे, मुदत ठेवीवर नामनिर्देशन पूर्वीच्या पतीचे आणि नोएडातील सदनिकेच्या गृहकर्जात त्या सहकर्जदार! त्यांच्या संमतीने, नाव न देता, हा अनुभव येथे मांडत आहे.

त्यांचे माहेर नागपूरचे, रेल्वेने सुमारे अकराशे किलोमीटर दूर. त्याच नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर सादर करावीत आणि पोटगी अर्जाच्या दिनांकापासून मिळावी, असे त्यात सांगितले आहे. पासबुक व खातेउतारे जपून ठेवण्याचे मोल अशा वेळी कळते.

परंतु न्यायालयाच्या हुकूमनाम्याने बँकेतील कागद आपोआप बदलत नाहीत. नामनिर्देशन खातेदाराने स्वतः बदलेपर्यंत बँकेच्या दप्तरी जुनेच नाव राहते. 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीच्या संयुक्त खात्यातून दुसरी व्यक्ती पैसे काढू शकते. वाद असल्यास लेखी सूचना देऊन हे व्यवहार थांबविता येतात. गृहकर्जाचे तर विशेष ध्यान ठेवावे. हप्ते पतीने भरावेत असे उभयतांत ठरले, तरी कर्जाचा करार बँकेशी असतो. बँक लेखी मुक्त करीत नाही तोवर सहकर्जदाराची जबाबदारी कायम राहते आणि थकलेल्या हप्त्याची नोंद दोघांच्याही पतइतिहासात होते. पुरुष ग्राहकांनाही हे सारे तितकेच लागू आहे.

हे समजावून सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "सगळं पहिल्यापासून मांडायचं, तेही या वयात?" त्या म्हणाल्या. मला तेव्हा डॉ. रखमाबाईंचे स्मरण झाले. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंना नांदावयास पाठवावे म्हणून पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ साली न्यायालयाने पतीकडे जाण्याचा आदेश दिला, अन्यथा तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ साली तडजोड होऊन दोन हजार रुपयांच्या मोबदल्यात दादाजींनी आपला हक्क सोडला. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, १८९४ साली वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक दशके स्त्रियांची रुग्णसेवा केली. १९५५ साली त्यांचे निधन झाले. घटस्फोटाची तरतूद करणारा हिंदू विवाह कायदाही त्याच वर्षीचा! कायद्याचा हा आधार नसतानाही रखमाबाई स्वतःच्या विद्येवर व कमाईवर उभ्या राहिल्या.

आमच्या या भगिनींनीही एकेक काम हाती घेतले. संयुक्त खाते दोघांच्या सह्यांनी बंद केले. केवळ स्वतःच्या नावे नवे खाते उघडले. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. त्यांनी मात्र एकच नाव लिहिले, आपल्या नऊ वर्षांच्या कन्येचे. ती अज्ञान असल्याने तिच्या वतीने रक्कम स्वीकारण्यासाठी बंधूंचे नाव दिले. पूर्वीच्या पतीच्या उत्पन्नाची नव्याने छाननी करून बँकेने त्यांना गृहकर्जातून मुक्त केले, त्यास तीन महिने लागले. दरम्यान त्यांनी सुटलेली शिक्षिकेची नोकरी पुन्हा धरली.

आपणांपैकी कोणावर असा प्रसंग आला असल्यास संकोच न करता शाखेत यावे. आणि माझ्या सहकाऱ्यांना विनंती की, अशा ग्राहकास शक्यतो एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर धाडू नये. खुर्ची देऊन सर्व कामांची यादी एकदाच करून द्यावी.

मागील महिन्यात त्या पासबुक भरून घेण्यासाठी आल्या होत्या. पहिल्या पगाराची नोंद त्यांनी कन्येला बोट ठेवून दाखविली.