‘जेटीपी’ का थांबली? वेगवान गाड्यांच्या अल्पायुष्यामागचे गणित

चेन्नई : बाजारातून गेलेली प्रत्येक गाडी विस्मरणात जातेच असे नाही. टाटा मोटर्सच्या टियागो जेटीपी आणि टिगोर जेटीपी या दोन गाड्या जेमतेम दीड वर्ष विकल्या गेल्या आणि २०२० मध्ये थांबल्या. तरीही वेगवान गाड्यांचे शौकीन एकत्र आले की त्यांचा विषय निघतो आणि जुना वाद नव्याने सुरू होतो. ही गाडी कंपनीने सोडून दिली, ग्राहकांनी नाकारली, की नियमांनी संपवली?

चेन्नईत हा प्रश्न केवळ आठवणींचा नाही. शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा शर्यतीचा ट्रॅक आहे. ह्युंदाईचा मोठा कारखाना त्याच परिसरात आहे. जवळच ओरगडम येथे वाहनांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणारे ‘ग्लोबल ऑटोमोटिव्ह रिसर्च सेंटर’ आहे. गाडी जिथे तयार होते, जिथे तपासली जाते आणि जिथे कायद्याच्या चौकटीत वेगाने पळवता येते, त्या तिन्ही जागा येथे एकाच टापूत आहेत. जेटीपीला आकार देणारी जयेम ऑटोमोटिव्हज ही कंपनीही तमिळनाडूतीलच, कोइम्बतूरची. त्यामुळे थोड्या संख्येने बनणाऱ्या वेगवान गाडीचे आयुष्य कशावर ठरते, हे समजून घेण्यासाठी जेटीपीचे उदाहरण उपयोगी ठरते.

गाडीत वेगळे काय होते

टाटा मोटर्स आणि जयेम यांनी २०१७ मध्ये निम्म्या-निम्म्या भागीदारीत ‘जेटी स्पेशल व्हेइकल्स’ ही कंपनी स्थापन केली. जयेमचे प्रमुख जे. आनंद हे स्वतः मोटार शर्यतीतील चालक. ‘जेटीपी’ ही अक्षरे ‘जयेम टाटा परफॉर्मन्स’ या नावाची. फेब्रुवारी २०१८ मधील वाहन प्रदर्शनात या गाड्या प्रथम दिसल्या आणि २६ ऑक्टोबर २०१८ रोजी विक्रीस आल्या. दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत टियागोची ६.३९ लाख रुपये, तर टिगोरची ७.४९ लाख रुपये होती.

साध्या टियागोचे पेट्रोल इंजिन ८५ पीएस शक्ती आणि ११४ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. जेटीपीमध्ये नेक्सॉनच्या कुळातील १.२ लिटरचे टर्बो इंजिन बसवले गेले आणि हे आकडे अनुक्रमे ११४ आणि १५० वर गेले. गिअरचे गुणोत्तर बदलले, सस्पेन्शन खाली आणून कडक केले, टायर रुंद झाले, बॉनेटवर हवेच्या खाचा आल्या. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास टियागो जेटीपीला सुमारे १० सेकंद लागत. जगातील वेगवान गाड्यांच्या तुलनेत हा आकडा साधा आहे. पण साडेसहा लाखांच्या आत, कारखान्यातूनच अशा जुळणीसह बाहेर पडणारी गाडी भारतीय ग्राहकाला क्वचितच मिळाली होती.

इंजिन १.२ लिटरचेच ठेवण्यामागे करांचे कारणही दिसते. त्या काळी चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. इंजिन त्याहून मोठे झाले की उपकर १७ टक्क्यांपर्यंत जाई आणि एकूण भार ४५ टक्के होई. पुण्याजवळील रांजणगाव येथे बनलेल्या, १४५ अश्वशक्तीच्या फियाट अबार्थ पुंटोचे इंजिन १.४ लिटरचे होते. लांबीने लहान असूनही जीएसटीनंतर ती या सवलतीबाहेर राहिली. शक्ती हवी, पण इंजिन लहान हवे, या अटीला टर्बो हेच उत्तर होते.

जन्मापूर्वीच ठरलेली मुदत

वादाच्या मुळाशी असलेली एक बाब दिनदर्शिकेत आहे. बीएस-४ वरून बीएस-५ हा टप्पा वगळून थेट बीएस-६ उत्सर्जन मानकांवर जाण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्येच जाहीर केला होता. त्यासाठी १ एप्रिल २०२० ही तारीख ठरली. उरलेला साठा पुढे विकता येईल का, हा प्रश्न काही काळ खुला होता. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजी तोही मिटवला. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-४ वाहनाची विक्री किंवा नोंदणी होणार नाही, असा तो आदेश होता. त्यानंतर दोनच दिवसांनी जेटीपी बाजारात आली.

म्हणजे बीएस-४ इंजिन घेऊन आलेल्या या गाडीच्या हाती पहिल्या दिवसापासून सुमारे १७ महिने होते. पुढे जायचे तर नव्या मानकांनुसार इंजिनाची पुन्हा जुळवाजुळव करून नवे प्रमाणपत्र घेणे अटळ होते.

येथे शौकिनांचा एक गट नेमका आक्षेप नोंदवतो. नेक्सॉनचे १.२ लिटर टर्बो इंजिन जानेवारी २०२० मध्ये बीएस-६ झाले होते, मग तेच जेटीपीत का बसवले नाही? वरकरणी रास्त वाटणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर प्रमाणन पद्धतीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मान्यता केवळ सुट्या इंजिनाला मिळून भागत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, वजन आणि गाडी यांचा प्रत्येक मेळ पुण्यातील ‘एआरएआय’ किंवा ओरगडमसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. शिवाय त्याच महिन्यात टियागो आणि टिगोरचे समोरचे रूप बदलले. त्यामुळे जेटीपीचे वेगळे बंपर आणि बॉनेट नव्या गाडीवर जसेच्या तसे बसणारे नव्हते. इंजिनाचे नवे प्रमाणन आणि बाह्यभागांचे नवे साचे असे दोन्ही खर्च एकाच वेळी उभे राहिले.

थोड्या गाड्या, मोठा खर्च

हे गणित उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, एखाद्या गाडीला नव्या मानकांत आणण्यासाठी १० कोटी रुपये लागतात. त्या गाडीचे एक लाख नग विकले जाणार असतील, तर प्रत्येक गाडीवर १,००० रुपयांचा भार येतो. एक हजारच नग विकले जाणार असतील, तर हाच भार एक लाख रुपये होतो. साडेसहा लाखांच्या गाडीवर लाखभराची वाढ झाली, तर तिचे मुख्य आकर्षणच संपते. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण थोड्या संख्येने बनणाऱ्या प्रत्येक गाडीपुढचा पेच हाच असतो.

त्यात काळही प्रतिकूल होता. देशातील प्रवासी वाहनांची विक्री २०१८-१९ मधील सुमारे ३३.८ लाखांवरून २०१९-२० मध्ये सुमारे २७.७ लाखांवर घसरली. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी आली. त्याच वर्षी जयेमचा हिस्सा विकत घेऊन भागीदारी संपवण्याचा निर्णय टाटा मोटर्सने घेतला.

जेटीपी या लाटेत एकटी नव्हती. मारुतीची बलेनो आरएस त्याच संक्रमणात गेली. चेन्नईजवळील मराईमलाई नगर येथे बनणाऱ्या फोर्ड इकोस्पोर्टचे १ लिटरचे १२५ पीएसचे टर्बो इंजिन बीएस-६ आवृत्तीत आलेच नाही. चाकणच्या फोक्सवॅगन पोलोचे १.२ लिटरचे टीएसआय इंजिनही थांबले. मात्र तिथे १ लिटरच्या नव्या टर्बोने जागा घेतली, कारण ते इंजिन अनेक गाड्यांत वापरले जाणार होते. हा फरक महत्त्वाचा आहे. जे इंजिन अनेक गाड्यांचा भार वाहते ते टिकते, एकाच छोट्या गटासाठी केलेली जुळणी टिकत नाही.

तीन बाजू, एक प्रश्न

शौकिनांमधील मतभेद या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजेत. पहिला गट म्हणतो, गाडी मोजक्या विक्रेत्यांकडेच ठेवली, तिची जाहिरात अपुरी होती, मग खप होणार कसा? दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, भारतीय ग्राहक वेगाचे कौतुक करतो, पण खरेदीच्या वेळी इंधनाचा खर्च आणि पुढे मिळणारी पुनर्विक्रीची किंमत पाहतो. जे टाळ्या वाजवतात, ते पैसे मोजत नाहीत. तिसरा गट नियमांकडे बोट दाखवतो.

तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण दोष एकाच्या माथी मारता येत नाही. स्वच्छ हवेसाठी केलेला नियम अनावश्यक नव्हता. बीएस-६ मुळे पेट्रोल गाडीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.०८ ग्रॅमवरून ०.०६ ग्रॅमवर आली. हा नियम लहान-मोठ्या सर्वांना सारखा होता, त्याचा खर्च मात्र थोड्या खपाच्या गाडीला अधिक जाचला.

अशी गाडी गेल्याने काय बिघडते, असेही कोणी विचारील. त्याचे एक उत्तर कायद्यात आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल केलेले वाहन नोंदणीस पात्र नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. साधी गाडी घेऊन बाहेरच्या गॅरेजमध्ये तिची शक्ती वाढवून घेणे कायदेशीर अडचणीचे आहे आणि विम्याचा दावाही त्यामुळे धोक्यात येऊ शकतो. तेव्हा मध्यम उत्पन्नाच्या शौकिनासाठी कारखान्यातून, ब्रेक आणि सस्पेन्शनचा विचार करून तयार झालेली गाडी हाच सुरक्षित मार्ग उरतो. तो बंद झाला की काही जण आडमार्ग धरतात.

आजचे दोन मार्ग

जेटीपीनंतर कंपन्यांनी दोन वाटा निवडल्या. पहिली वाट आयातीची. सप्टेंबर २०१८ च्या नियमबदलानंतर ठरावीक परदेशी मानके पूर्ण करणाऱ्या गाड्या वर्षाला २,५०० पर्यंत भारतात वेगळ्या प्रमाणनाविना आणता येतात. २०२० मधील स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ चे २०० नग याच प्रकारे आले. २०२५ मध्ये ऑक्टाव्हिया आरएसचे १०० नग आले. प्रमाणनाचा खर्च यात टळतो, पण आयात शुल्कामुळे किंमत ५० लाखांच्या घरात जाते. जेटीपीच्या ग्राहकासाठी ही वाट नाही.

दुसरी वाट चेन्नईतच दिसते. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेली ह्युंदाई आय-२० एन लाइन श्रीपेरुम्बुदूरच्या कारखान्यात बनते. तिचे १२० पीएसचे १ लिटर टर्बो इंजिन कंपनीच्या इतर गाड्यांतही वापरले गेले आहे. वेगळेपण आहे ते सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि एक्झॉस्टमध्ये. टाटा मोटर्सनेही जून २०२४ मध्ये ९.४९ लाख रुपयांपासून आणलेल्या अल्ट्रोझ रेसरमध्ये नेक्सॉनचेच टर्बो इंजिन वापरले. जेटीपीचा धडा येथे गिरवलेला दिसतो. महागडा यंत्रभाग अनेक गाड्यांत वाटून घ्यायचा आणि वेगळेपण स्वस्तात बदलता येईल अशा भागांत ठेवायचे.

मालकांच्या पदरात काय

वाद कितीही रंगला, तरी ज्यांच्या दारात जेटीपी उभी आहे त्यांच्यासमोरचे प्रश्न व्यवहाराचे आहेत. दरवाजे, काचा आणि इंजिनाचे बरेच मूळ भाग इतर टाटा गाड्यांशी जुळतात, त्यामुळे ते मिळण्याची शक्यता अधिक. बंपर, खाचांचे बॉनेट, स्प्रिंग आणि इंजिनाच्या संगणकातील खास जुळणी यांना मात्र सहज पर्याय नाही. किरकोळ अपघातातही दुरुस्तीपेक्षा सुट्या भागांचा शोध लांबू शकतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर मिळते, तर या इंधनाला अनुरूप घटकांची गाडी बनवण्याचा टप्पा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या काही गाड्यांत दीर्घ वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे सरकारनेही म्हटले आहे. नियमित देखभालीत इंधनवाहिन्यांची तपासणी करून घेणे म्हणूनच शहाणपणाचे ठरेल.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टलमध्ये वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकापर्यंत पोहोचावेत, हा त्यामागचा हेतू. थोड्या संख्येने बनलेल्या गाड्यांच्या बाबतीत या हेतूची खरी कसोटी लागते, कारण लाखोंनी विकलेल्या गाडीचा भाग बाजार स्वतःच उपलब्ध करतो, हजारभर गाड्यांसाठी मात्र कोणी साचा राखून ठेवत नाही.

मर्यादित संख्येची गाडी कधीतरी थांबणारच. जेटीपीच्या बाबतीत तर शेवटची तारीख विक्रीच्या पहिल्या दिवशीच ठाऊक होती. म्हणून पुढची अशी गाडी घेताना ग्राहकाने शक्ती आणि वेगाच्या आकड्यांबरोबर आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात. येणाऱ्या उत्सर्जन नियमांत हे इंजिन टिकणार आहे काय, आणि केवळ याच गाडीसाठी बनलेले भाग किती वर्षे मिळणार आहेत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कंपनीकडून लेखी घ्यावे. गाडी बंद झाल्यानंतर रंगणाऱ्या वादापेक्षा खरेदीपूर्वी विचारलेले हे दोन प्रश्न मालकाच्या अधिक उपयोगी पडतील.